आई बेलवली

"काका, गेम तुम्हीच खेळता?" हरेशने लॅपटॉप उलटा करत विचारलं.

"हो, मीच," मधू वझे म्हणाले.

"कौनसा कॅरेक्टर?"

"तो... तलवारवाला."

त्या गेममध्ये तलवार नव्हतीच, नुसत्या बंदुका होत्या. पण उल्हासनगरात दुकान चालवणारा माणूस गिऱ्हाइकाचं खोटं पकडतो, ते दाखवत नाही. हरेश नुसता "अच्छा" म्हणाला आणि स्क्रू काढायला लागला.

वझे मोरिवलीच्या एका रंगांच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. कामगाराने थाप मारली की त्याच्या डोळ्यांत बघत राहायचं, तो आपोआप खरं बोलतो, हा त्यांचा खाक्या. निवृत्तीनंतरही तो सुटला नव्हता. आज मात्र स्टुलावर चुळबुळायची पाळी त्यांची होती.

"साईं, सच बोलू? एवढा जुना गेमिंग लॅपटॉप, नवीनच घ्या ना. यात प्रोसेसर टाकून काय भेटणार?"

"नवीन नको. हाच चालला पाहिजे. गेम उघडतो आणि मध्येच बंद पडतो."

"अपडेट आलाय ना, जड झाला गेम. पण नशीब तुमचं. या जुन्या मॉडेलमध्ये चिप सॉकेटमध्ये बसते. हल्लीच्यात बोर्डालाच डाग दिलेली असते, निघतच नाही. याच पिढीतली मोठी चिप आहे आपल्याकडे, टाकतो."

"आतलं काही पुसलं जाणार नाही ना? लॉगिन जायला नको. पासवर्ड आमच्याकडे नाही."

"हार्ड डिस्कला हात पण नाय लावणार, काका."

लॅपटॉप यज्ञेशचा, वझ्यांच्या एकुलत्या एका मुलाचा. इंजिनीअरिंगला तो दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा वझ्यांनी फर्मान काढलं, "एक तर हा डबा राहील या घरात, नाहीतर तू." मुलगा बापाच्या वळणावर गेलेला. डबा टेबलावर ठेवून तो निघून गेला, त्याला तीन वर्षं झाली. फोन नंबर बदलला. पुण्याला नोकरी करतो, एवढंच त्याचा मित्र आकाश सांगायचा आणि पत्ता विचारला की त्याला एकदम कुठेतरी जायची घाई व्हायची.

राहिला होता फक्त गेम. घरी होता तेव्हा यज्ञेशने गंमत म्हणून आईलाही खातं उघडून दिलं होतं. नाव ठेवलं होतं 'आई बेलवली'. वृंदाताई गेममध्ये शिरल्या की भिंतीवर जाऊन आपटायच्या आणि लेक पोट धरून हसायचा. त्या खात्याच्या मित्रयादीत एकच नाव होतं, त्याचं. तो खेळायला आला की नावापुढे हिरवा ठिपका लागे. रोज संध्याकाळी वृंदाताई गेम उघडून बसत आणि ठिपका दिसला की म्हणत, "आला हो घरी." वझे पेपराआडून ऐकत. उठून बघायला ते कधी गेले नाहीत. मनातून रोज जात होते, ती गोष्ट वेगळी.

त्याला एक अक्षर लिहायचं नाही, हा वृंदाताईंचा नियम. "हाक मारली तर ही जागाही सोडेल तो," असं त्या म्हणत. मग अपडेट आलं आणि गेम यादीपर्यंत पोहोचेनासा झाला. वृंदाताईंचं जेवण तुटलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. काय आहे ते वझ्यांना ठाऊक होतं, म्हणून आज ते इथे आले होते.

हरेशने पंख्यातली धूळ काढली, तांब्याच्या नळ्या बाजूला केल्या, जुनी चिप उचलून नवी बसवली, तिच्यावर पेस्ट लावली. झाकण लावून त्याने दुकानाचं वायफाय जोडलं आणि गेम सुरू केला. या खेपेला तो मध्येच बंद पडला नाही. यादी आली. यज्ञेशचं नाव आणि पुढे हिरवा ठिपका. वझे तो पहिल्यांदाच बघत होते. इतका बारीक असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यात एक चौकट उघडली.

"काका, तुमच्या मित्राचा मेसेज."

'आई? कुठे होतीस इतके दिवस? बरी आहेस ना?'

वझ्यांनी ते दोनदा वाचलं. "आपण आलोय हे त्याला कसं कळलं?"

"अरे काका, ठिपका दोन्ही बाजूने दिसतो ना. तुम्हाला त्याचा, त्याला तुमचा."

म्हणजे तोही रोज बघत होता.  वझ्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि एका बोटाने इंग्रजी अक्षरं शोधत लिहिलं, 'आई बरी आहे. मी बाबा.' मघापासून हरेशशी खोटं बोलत होते, पण पोराशी बोलवेना.

पलीकडून काही आलं नाही. 'घरी ये' असं लिहायला घेतलं, तर 'घरी' पुरं होईतो ठिपका गेला. मग नावही गेलं.

"बंद पडला का परत?" वझ्यांनी विचारलं.

हरेशने वाकून बघितलं. "नाय काका," तो हळू म्हणाला. "मशीन ठीक आहे. त्याने काढलं तुम्हाला यादीतून."

बेलवलीला घरी येऊन वझ्यांनी जसं घडलं तसं सगळं सांगितलं. वृंदाताईंनी मधेच थांबवलं.

"'कुठे होतीस' म्हणाला? असंच?"

"असंच. 'बरी आहेस ना' असंही."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी पुढचं ऐकलं.

"अहो, नुसतं 'बरी आहे' लिहायचंत. पुढचं कशाला?"

"तुझ्या नावाने बोलायचं? ती फसवणूक झाली असती गं."

"करायचीत एकदा."

त्यांनी लॅपटॉप उघडला. गेम आता झटकन सुरू झाला. यादीत कोणी नव्हतं. 

"त्याला आता काय वाटेल, कळतंय ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "वाटेल, इतकी वर्षं तुम्हीच माझ्या नावाने बसत होतात, पाळत ठेवून. मी होते हो. रोज मी होते. हे त्याला कोण सांगणार?"

 वझे खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि ती रिकामी यादी दोघंही बघत राहिले.