दीपगृहाची कथा कुणाची

आमच्या समलिंगी कथांच्या ऑनलाइन कट्ट्यावर दर हिवाळ्यात स्पर्धा असते. कथा बिननावी टाकायच्या, लेखक कोण ते निकालानंतरच कळतं. दरवेळी जिंकतो तो मेलबर्नचा कीनन. नुसतं नाव ऐकलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

यंदा मी इरेला पेटून माझ्या नवऱ्यावरच, डार्सीवर, कथा लिहिली. त्याला सांगितलं मात्र नाही.

रविवारी सकाळी टोस्टला लोणी लावता लावता डार्सी म्हणाला, "तुझी कथा ओळखली मी. दीपगृहाची! रडवलंस रे मला."

दीपगृहाची कथा कीननची होती. मेल्याची वाक्यं मी झोपेतही ओळखेन.

"आणि ती बेकरीवाल्याची वाचलीस?" मी विचारलं.

"शी! काय रटाळ माणूस आहे तो. कोण नांदेल त्याच्याबरोबर?"

बेकरी सोडली तर त्या माणसातलं सगळं डार्सीचंच होतं, अगदी घोरण्यासकट.

"दीपगृह तुझंच ना रे?"

"माझंच," मी म्हणालो.

त्यानं मला जवळ ओढलं आणि असं चुंबन घेतलं, जसं लग्नानंतर एकदाही घेतलं नव्हतं.

निकाल लागायच्या आधीच कीनन जिंकला होता.