माहेरचं पातेलं

मोटरचं बटण वडिवूनं पुन्हा दाबलं. मोटर घरघरली, पण गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज काही येईना. पदर खोचून ती जिना चढली, टाकीत डोकावली, खाली आली आणि नळांच्या चाव्या एकेक करून फिरवून पाहू लागली. मागच्या अंगणातली एक चावी बंदच राहिली होती. ती उघडली तसं वर धो धो सुरू झालं. भाड्याच्या घरांत ही उठाठेव घरमालक करायचा. आता आपलं घर, आपलीच डोकेदुखी. पण पाणी चढलं तरी तिला हुश्श वाटलं नाही, कारण तिचे कान रस्त्याकडे लागले होते.

उद्यापासून तमिळ पंचांगातला आडि महिना लागत होता. तो लागला की महिनाभर नव्या घरात कुणी पाऊल टाकत नाही, म्हणून अर्ध्या कोविलपट्टी गावानं आजचाच दिवस धरला होता. गुरुजी पहाटे येऊन होम उरकून पुढच्या घरी पळालेसुद्धा. न्हाणीघराला अजून कडी नव्हती, रंगाचे डबे तुळशीपाशी पडले होते, पुढच्या खोलीतला पंखा लावला की दिवा जात होता. तरी दूध आजच उतू जायला हवं होतं, तेही साडेदहाला राहुकाळ लागायच्या आत.

आणि ते दूध उकळायचं पातेलं बाईच्या माहेरून यावं लागतं. भावानं ते हातात घेऊन यायचं, सगळ्यांदेखत. दूध, साखर, चूल सगळं तयार होतं. घोडं अडलं होतं ते पातेल्याशी.

"काय गं, तुझ्या अण्णाला घर सापडत नाही की काय?" पेचियम्माळ म्हणाली. वडिवूची ही थोरली नणंद सकाळपासून उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसली होती, येणाराजाणारा नजरेतून सुटायला नको म्हणून. "जन्म गेला त्याचा या गावात."

"येईल वन्सं. वाटेत असेल."

"पातेलं घडवूनच आणतोय वाटतं. येऊ दे, येऊ दे. नाहीतर माझ्याकडचं आहेच, इडलीचं."

चार बायका हसल्या. वडिवूही हसली आणि पंख्याची वायर बघायच्या निमित्तानं आत गेली.

अण्णा येईल की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिनं वडिलांच्या शेतातला आपला हिस्सा मागितला होता. मागताना तिची जीभ रेटत नव्हती. पण तिचा नवरा शंकरलिंगम रोज संध्याकाळी तोच विषय काढून बसायचा, शेवटी तिनं मागितला. चेल्लय्या अण्णानं एक अक्षर न बोलता सही केली आणि त्यानंतर तो एक अक्षर बोलला नाही. त्या हिश्श्यातूनच हे घर उभं राहिलं. नणंदेला वाटत होतं, ते आपल्या भावाच्या कंडक्टरच्या पगारातून झालं. वडिवूनं ते वाटू दिलं होतं.

भाऊ रुसलेला असला तरी त्याला बोलवायची रीत असते. फळं, विडा, कुंकू घातलेलं ताट घेऊन जोडीनं दारात जायचं. परवा तसं ठरलंही होतं. पण ऐन वेळी वायरमन उगवला आणि शंकरलिंगम एकटाच ताट घेऊन गेला. रात्री तिनं विचारलं, दिलं का, तो म्हणाला, दिलं. काय म्हणाला? येतो म्हणाला. एवढ्यावर ती दोन दिवस जगत होती.

पाहुण्यांपुढे केळी ठेवायला काही हवं म्हणून तिनं भांड्यांचं पोतं उसकटलं. वरच परवाचं पितळी ताट होतं, लख्ख पुसलेलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

"वहिनीनं यात काय घातलं होतं?"

"कशात?"

"ताटात. परत देताना."

शंकरलिंगम खाली वाकून गॅसची नळी चाचपू लागला. "काही नाही. घाईत होती ती."

"रिकामं ताट दिलं? माझ्या वहिनीनं? कितीही भांडण असो, चिमूटभर साखर तरी टाकली असती तिनं. तुम्ही गेलाच नाहीत ना?"

दिवसभर बसमध्ये अख्ख्या तालुक्याशी तोंड वाजवणारा माणूस, पण आता मान वर न करता नळीलाच सांगू लागला. 

"फाटकापर्यंत गेलो होतो. तो ओसरीवर शेंगदाणे निवडत बसला होता. पाय उचलेचना माझा. त्याच्या बापाचं शेत विकायला लावणारा मीच, आणि मीच जाऊन म्हणू, पातेलं घेऊन ये? फळं पिळ्ळैयार गणपतीच्या देवळात ठेवून परत फिरलो. वाटलं, गावात कळेलच त्याला. येईल आपसूक."

वडिवूला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. हा मेला दोन दिवस खोटं बोलला याचा राग, आणि बिनबोलावलेल्या भावावर आपण सकाळपासून मनातल्या मनात चरफडलो त्याची लाज. दोन्हींत जास्त काय होतं ते तिलाच कळेना. तिनं डोळे पुसले, ताटात केळी, विडा आणि कुंकवाची पुडी ठेवली आणि मोपेडची किल्ली घेतली.

"चला."

"आत्ता? राहुकाळ लागेल. आणि पाहुणे?"

"वन्सं कॉफी देतील. जोडीनं बोलवायचं असतं. बसा मागे."

पेचियम्माळ विचारतच राहिली, अगं कुठं, अगं दूध? मोपेड वळणावरून गेलीसुद्धा. वडिवू चालवत होती आणि मागे शंकरलिंगम दोन्ही हातांनी ताट सावरत बसला होता. रेल्वेचं फाटक नेमकं बंद मिळालं. मालगाडी होती, डबे संपता संपेनात. वडिवू हँडलवर बोटं आपटत राहिली. मागून तो एकदा "अगं, ऐक" म्हणाला, तिनं ऐकलं नाही.

अण्णाचा चिक्कीचा कारखाना घराच्या मागेच होता. त्या गल्लीत शिरलं की गुळाच्या पाकाचा वास यायचा. आज आला नाही. भट्टी बंद होती.

तिनं कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं. दारात अण्णा उभा होता. कंबरेला कोरी पांढरी वेष्टी, अंगात तसाच सदरा, कपाळावर भस्म. त्याच्या मागे ओसरीवर, पाटावर, हळदीचा दोरा बांधलेलं नवंकोरं पितळी पातेलं.

"पहाटेपासून उभेच आहेत," आतून वहिनी म्हणाली. "बसलं की वेष्टीची घडी मोडते म्हणे. बोलावणं आल्याशिवाय जायचं नाही, आणि भट्टीही लावायची नाही. माझं डोकं उठलं."

वडिवूनं पातेल्याकडे पाहिलं आणि ती पुढे होऊ लागली. अण्णानं हात आडवा धरला.

"कशाला आलीस?"

"अण्णा, राहुकाळ लागेल."

"लागू दे. कशाला आलीस ते सांग."

मागे शंकरलिंगम खाली मान घालून उभा होता. वडिवूनं त्याचं कोपर धरून त्याला पुढे ओढलं. दोघांनी मिळून ताट पुढे केलं. 

"आम्ही..." तो म्हणाला. वडिवूनं कोपरानं ढोसलं तसा पुन्हा म्हणाला, "आम्ही घर बांधलंय. तुमच्या बहिणीच्या हिश्श्यातून. तुम्ही सगळ्यांनी यायला हवं."

"आज दूध उतू घालायचंय," वडिवू म्हणाली.  "घरचे म्हणून या."

अण्णानं ताट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि वहिनीच्या हातात दिलं. मग त्यानं तोंड फिरवून ओसरीवरचं पातेलं उचललं.

"आज जरा कामं आहेत. बघतो दाजी, जमतंय का," तो म्हणाला आणि त्यानं चपलांत पाय घातले.