अकरा वर्षांचं पाणी

डिस्क गेली सोमवारी सकाळी सव्वासातला, आणि विदोसावाला रडू आलं नाही, संताप आला.

रोजच्यासारखी ती पुलावर जाऊन आली होती. पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी आहे. तिच्यावर लिपनित्सा नदीचं पाणी किती सेंटीमीटर ते बघायचं, गावच्या कचेरीत यायचं आणि आकडा कॉम्प्युटरमध्ये घालायचा, हे ती अकरा वर्षं करत होती. बर्फ पडो, ताप येवो, आकडा चुकला नाही. कुणी सांगितलेलं नव्हतं. कचेरीची कारकून म्हणून तिच्याकडे दाखले, शिक्के आणि किल्ल्यांचा जुडगा, एवढंच काम. पण नदी आपल्या दारातली, तिच्याकडे कुणी बघायला नको का, असं एके दिवशी तिच्या मनात आलं आणि ती कामाला लागली. त्या सोमवारी मात्र टेबलाखालच्या खोक्यातून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला आणि पडदा काळाच राहिला.

आणि वेळ तरी कुठली साधावी! पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी गावातल्याच, ब्रेझोवाकच्या संस्कृती भवनात सुनावणी होती. एका कंपनीला लिपनित्सा वर डोंगरातच पाइपात कोंडून वीज करायची होती. कंपनीच्या कागदात लिहिलं होतं, की नदीला बारमाही भरपूर पाणी आहे, पाइपात घालूनही खाली पुरून उरेल. हे धादांत खोटं आहे हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. पण वरच्या लोकांपुढे कोंबड्यांची साक्ष चालत नाही, आकडे लागतात. ते आकडे जगात एकट्या विदोसावाकडे होते.

"वह्या!" ती घरी धावली. "अरे स्रेत्को, माझ्या त्या वह्या कुठायत? कॉम्प्युटरमध्ये घालायच्या आधी ज्यात लिहायचे त्या?"

नवरा अंगणात मिरच्यांना पाणी घालत होता. झारी तशीच धरून तो जमिनीकडे बघायला लागला.

"बोल ना!"

"गेल्या शरदात," स्रेत्को म्हणाला, "राकियाची भट्टी पेटवायला घेतल्या. तूच म्हणालीस, आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे."

"सगळ्या?"

"कागद कोरडा होता. छान पेटला."

"अकरा वर्षांची नदी जाळून दारू गाळलीस मेल्या!"

"दारू चांगली उतरली होती," तो म्हणाला, आणि मग शहाणपणा सुचून गोठ्यामागे नाहीसा झाला.

दुपारी नगरपालिकेचा कॉम्प्युटरवाला आला. त्याने विचारलं, कॉपी ठेवलीय का? विदोसावाला हायसं वाटलं. "ठेवलीय की! दर महिन्याला ठेवते. 'कॉपी' नावाचं वेगळं फोल्डर आहे." कुठे आहे विचारल्यावर तिने टेबलाखालच्या त्याच खोक्याकडे बोट दाखवलं. तो पोट धरून हसला. ती बिचारी, जे कपाट जळालं त्याचीच दुसरी फळी दाखवत होती. मग त्याने डिस्क चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. वीसेक वेळा तरी. दरवेळी टक् टक्. शेवटी म्हणाला, "मेलीय, आजी. फेकून द्या." ती एकोणसाठ वर्षांची होती. आजी म्हटल्याचा राग तिला डिस्कच्या खालोखाल आला.

बुधवारी कंपनीचा वकील वुकोमान स्वतः कचेरीत आला. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि कंपनीकडे पोचायला तर त्याहून कमी. कॉफी घेतली, मिशीला लागलेली पुसली आणि गोड आवाजात म्हणाला, "ऐकलं, तुमचे आकडे गेले म्हणे. फार वाईट झालं. पण बाई, होते तरी का ते? कधी कधी माणूस इतकं मनापासून इच्छितो, की त्याला वाटतं आपण केलंय."

विदोसावाने त्याच्यापुढचा कप उचलला. अर्धी कॉफी शिल्लक होती. "तुम्हाला उशीर होतोय," ती म्हणाली. आमच्याकडे पाहुण्याचा न संपलेला कप उचलणं म्हणजे थोबाडीत मारण्याच्या एक पायरी अलीकडचं. तो गेला, पण हसत गेला, आणि ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं. आता नुसती नदी नव्हती पणाला. अकरा वर्षं पहाटे उठणारी बाई खोटारडी ठरणार होती.

गुरुवारी तिने आख्खा खोका गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसने उझित्से शहराला गेली. तिथे झागोर्का नावाची बाई बंद पडलेल्या डिस्कमधली माहिती काढून देते, असं कुणीतरी सांगितलं होतं. दुकान म्हणजे एक खोली. भिंतीभर फळ्यांवर मेलेल्या डिस्क, प्रत्येकीला चिठ्ठी. कोपऱ्यात काचेचं टेबल, आणि त्याच्या मागच्या जाळीतून संथ वारा थेट समोर बसलेल्या झागोर्काच्या तोंडावर येत होता.

विदोसावा दारातच थबकली. आमच्याकडे वाऱ्याचा झोत अंगावर घेणं म्हणजे आजार ओढवून घेणं. "अगं बाई! वाऱ्याच्या झोतात काय बसलीस? मान आखडेल, मूत्रपिंडं जातील!"

"या झोतावर माझी भाकरी आहे," झागोर्का न वळता म्हणाली. "गाळून घेतलेला वारा आहे हा. डिस्क उघडली की धुळीचा एक कण आत पडला तरी खेळ खलास. हा वारा कणाला बसूच देत नाही. बावीस वर्षं खातेय, मान बघ कशी आहे ताठ." मग ती उठली, गोधडी उलगडली आणि खोक्याची मागची बाजू उजेडाकडे वळवली.

पंख्याच्या जाळीवर जाड लोकरी नमद्याचा तुकडा चिकटवलेला होता. वर दवाखान्यातली चिकटपट्टी, आडवी आणि उभी.

"हे काय?"

विदोसावाचे कान तापले. "पंखा घोट्यांवर वारा मारायचा. दिवसभर. माझे पाय आधीच दुखतात. म्हणून जुन्या सपातीचा तळ कापला आणि..."

"किती वर्षं?"

"सहा."

"सहा वर्षं तू तिला भाजलीस," झागोर्का म्हणाली. "आत कोंडून, भट्टीत घातल्यासारखी. आणि मग मेल्यावर कोणी चालू-बंद करून बघितली का?"

"नगरपालिकेच्या माणसाने. वीस वेळा."

"त्याचे हात तोडायला हवेत. आवाज आला की पहिलं काम एकच, बंद करायची आणि हात लावायचा नाही. त्या आवाजात काय होतं ठाऊक आहे? आतल्या तबकडीच्या प्रत्येक बाजूवर वाचणारी एक बारीक काडी असते, हेड म्हणतात. ते दुखावलेलं असतं आणि प्रत्येक वेळी तबकडी खरवडतं. तू भाजलीस, त्याने खरवडली." तिने खोक्यातून डिस्क सोडवून हातात तोलली. "टाकून दे म्हणाला ना तो?"

"हो."

"मग काढायलाच पाहिजे," झागोर्का म्हणाली, आणि विदोसावाला चार दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

तिने फळ्यांवरून त्याच बनावटीची, त्याच कारखान्यातली, दोन महिन्यांच्या फरकाची एक मेलेली डिस्क शोधली. तिची हेडं शाबूत होती. ती काढून हिच्यात बसवायची. मग घाई करायची नाही. मूळ डिस्कवरून एकही फाइल उघडायची नाही, आधी अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवून घ्यायची. जे हेड नीट चालतंय त्याच्याकडून आधी, खरवडलेली बाजू सगळ्यात शेवटी. हे सगळं झागोर्काने काचेपुढे बसून, वारा खात खात सांगितलं. विदोसावा दाराशी, शक्य तितकी वाऱ्यापासून लांब, गळ्याभोवती रुमाल आवळून उभी. पण तिथून हलली मात्र नाही.

पुढच्या बुधवारी फोन आला. "एकशे बत्तीस महिने होते. एकशे सत्तावीस मिळाले. पाच गेले, खरवडलेल्या बाजूवर होते. त्यातून काही निघणार नाही, उगाच आशा ठेवू नकोस."

"कुठले पाच?"

झागोर्काने वाचून दाखवले. पाचवा ऐकल्यावर विदोसावा खुर्चीत बसली. मोठ्या दुष्काळाच्या वर्षातला ऑगस्ट. त्या ऑगस्टात पोरं चप्पल न काढता नदी ओलांडत होती. कंपनीचं खोटं ज्या एका महिन्याने उघडं पाडायचं, तोच नेमका गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती आणायला गेली, तेव्हा झागोर्काने तीन कॉप्या करून ठेवल्या होत्या. "एक तुझ्याकडे, एक माझ्या कपाटात, एक तिसऱ्याच छपराखाली. आणि महिन्यातून एकदा उघडून बघायची. न उघडलेली कॉपी म्हणजे नुसतं समाधान." विदोसावाने तिसरी चाचाक शहरातल्या बहिणीला पाठवली. घरातली स्रेत्कोने भक्तिभावाने संताच्या चित्रामागे ठेवली, तर ही ओरडली, "तिथे मेणबत्ती लागते! परत भाजायचीय का?"

बोलणी खाऊनही स्रेत्को म्हणाला, "त्या ऑगस्टचं काय एवढं? मला आठवतंय ना. महिनाभर नऊ सेंटीमीटर. मी पुलावर उभा होतो. लिही नऊ, मी साक्ष देतो."

विदोसावाने छापून काढलेल्या गठ्ठ्यातलं त्या महिन्याचं रिकाम्या रकान्यांचं पान पुढ्यात ओढलं. एकतीस रकाने. नऊ लिहायला किती वेळ लागतो? बोटं शिवशिवत होती, खोटं कशाला बोला. आणि ते खोटंही नव्हतं, सगळ्या गावाने पाहिलेलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "जे मोजलेलं हातात नाही ते लिहायचं नाही. आज एक आकडा मनाचा घातला, तर वुकोमान म्हणाला ते खरं ठरेल."

"मग हरशील."

"हरले तर हरले. पण त्याच्यासारखी नाही होणार."

शुक्रवारी भवनात तोबा गर्दी. जुलैचा उकाडा, लोकांच्या अंगाला वास मारत होता, आणि खिडक्या? अर्थात बंद. दार उघडं होतं ना, मग खिडकी उघडली की झोत वाहणार, आणि झोताला आमचा माणूस कोल्ह्या-लांडग्यांपेक्षा भितो. राजधानीहून आलेल्या, सुनावणीच्या अध्यक्षबाई कागदाने वारा घेत बसल्या होत्या.

विदोसावाने गठ्ठा टेबलावर ठेवला. वुकोमानचं हसू क्षणभर ढळलं. मग त्याने पानं उलटली आणि ते परत आलं.

"दुष्काळाच्या वर्षातला ऑगस्ट?"

"कोरा आहे," विदोसावा म्हणाली.

"ज्या महिन्याच्या नावाने गावभर बोंब, तोच कोरा?"

"हो."

"आणि हे बाकीचे आकडे कालपरवा बसून लिहिलेले नाहीत कशावरून?"

मागे कुणीतरी शिवी हासडली. विदोसावाने हाताने गप्प केलं. "कशावरून? त्या कोऱ्या पानावरून. मला खोटं लिहायचं असतं, तर सगळ्यात आधी तेच पान भरलं असतं की. पाच महिने गेले, कारण डिस्क मी मारली. मी. घोट्यांना वारा लागतो म्हणून सहा वर्षं तिचा श्वास कोंडला. तिथे झागोर्काबाईंचा कागद जोडलाय, कुठला तुकडा वाचता आला नाही ते ओळीने लिहिलंय. आता माझा एक प्रश्न. तुमचे आकडे कुठल्या पट्टीवरचे?"

वुकोमानने कागद चाळले. "ते शेजारच्या नदीवरून हिशेबाने काढलेले आहेत. शास्त्रीय पद्धत आहे."

अध्यक्षबाईंचा कागद हलायचा थांबला. "म्हणजे लिपनित्सेवर तुम्ही एकदाही मोजलेलं नाही?"

"तशी गरज..."

"एकदाही?"

"नाही."

अध्यक्षबाईंनी विदोसावाचा गठ्ठा स्वतःकडे ओढला. एक जुलै काढला, एक सप्टेंबर काढला, पाइपात किती जाणार तो आकडा शेजारी ठेवून पाहिला. खाली काहीच उरत नव्हतं. मग लेखनिकाला म्हणाल्या, "लिहा. परवानगी थांबवली. या बाईंची नोंद पुरावा म्हणून जोडा, कोऱ्या पानांसकट."

भवनात एकच गोंगाट उठला. स्रेत्को बाकावर चढून ओरडत होता. विदोसावा तशीच चालत गेली आणि तिने खिडकीची कडी काढली. कवाडं भिंतीवर आपटली, दारातून वारा आत घुसला, टेबलावरचे कागद उडाले.

"बाई, खिडकी लावा!" वुकोमान मान धरून कागदांमागे धावत ओरडला. "झोत लागतोय!"

"लागू दे!" विदोसावा म्हणाली. "भीतीपायी वारा कोंडला आणि नदी घालवत होते. आता या गावात ना वारा कोंडू देणार, ना पाणी."

ती उघड्या खिडकीला पाठ लावून उभी राहिली. गळ्यातला रुमाल तिने काढून खिशात ठेवला.