ताडपत्रीची गाठ

बिभीषणनं सीमेवरून आलेला फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला. ट्रकची मागची बाजू दिसत होती. ताडपत्री ताठ होती, सील जागच्या जागी होतं, सीलवरचा नंबरही नीट वाचता येत होता. वावगं म्हणावं असं काहीच नव्हतं. फक्त सीलशेजारची दोराची गाठ ड्रायव्हर सिद्धाप्पाची नव्हती.

त्यानं मोबाइल अंकिताच्या टेबलावर ठेवला. अंकिता त्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चार वर्षं कागदपत्रं आणि संगणक सांभाळत होती. तिनं फोटो पाहिला आणि गाठ पक्की आहे की, म्हणाली. तिला तरी काय कळणार म्हणा. बिभीषणनं मात्र सिद्धाप्पाची गाठ बावीस वर्षं पाहिली होती. दोन वेढे, चाकावर पाय रोवून एक दणकट ओढ, आणि दोराचं टोक खाली लोंबतं सोडलेलं. दहा गाड्या शेजारी उभ्या केल्या असत्या तरी त्यानं नुसता हात लावून सिद्धाप्पाची गाडी ओळखली असती. या फोटोत तीन वेढे होते आणि टोक दुमडून आत खोचलेलं होतं.

गाडी रक्सौलला उभी होती, नेपाळच्या वेशीवर. आत सोलापुरी टॉवेलांचे गठ्ठे होते, पलीकडं बीरगंजला जायचे. एरवी माल सीमेवर उतरायचा, तपासला जायचा, दुसऱ्या गाडीत चढायचा, आणि या उचकापाचकीत निम्मे गठ्ठे फाटायचे. आता दोन्ही देशांनी मिळून एक नवीन रीत करून बघायचं ठरवलं होतं. माल कारखान्यातच सील करायचा आणि मधे कुणीही न उघडता तो पलीकडच्या गोदामात उतरायचा. या चाचणीसाठी सोलापुरातून एकट्या बिभीषणची निवड झाली होती. त्यासाठी वर्षभर त्यानं चपला झिजवल्या होत्या. वैरागहून एका जुन्या गाडीनिशी शहरात आलेल्या माणसाला एवढा मान मिळतो कुठं?

पण मान आला की जाच येतो. गाडीत भलतं काही सापडलं किंवा कागदावर नाव नसलेला माणूस गाडी चालवताना दिसला, तर कंपनीचं नाव यादीतून कायमचं जाणार होतं. एकच पळवाट होती. मालकानं आधीच स्वतःहून कळवलं, तर जे व्हायचं ते ड्रायव्हरचं होणार आणि कंपनी वाचणार. ही अट वाचली तेव्हा बिभीषणला हसू आलं होतं. सिद्धाप्पाबद्दल काय कळवायचं, डोंबल?

आता त्याला हसू येत नव्हतं. आधी सुटे सुटे पडलेले धागे मनात आपोआप जुळायला लागले. गाडी भरल्यावर सिद्धाप्पा थेट निघाला नव्हता, गाडी घेऊन वळसंगला आपल्या घरी गेला होता आणि तिथं तासभर थांबला होता. सहीचे कागदही त्यानं ऑफिसात न बसता घरी नेऊन सही करून आणले होते. गोरखपूरच्या पुढं गाडी हमरस्ता सोडून एका बाजारात पावणेतीन तास उभी होती. संगणकाच्या नकाशावर तो ठिपका हलेना म्हणून बिभीषणनं फोन केला, तर सिद्धाप्पा म्हणाला, जेवान केलं. चटणी-भाकरी खाऊन पंधरा मिनिटांत हात धुणारा हा गडी, आणि जेवायला पावणेतीन तास? सील शाबूत होतं हे खरं. पण ताडपत्रीच्या घडीत एखादं पाकीट सरकवायला सील कशाला तोडावं लागतं? नुसता दोर सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. बांधणाऱ्याचा हात तेवढा वेगळा असतो.

अकरा वाजता त्यानं सीमेवरच्या एजंटला फोन लावला. नाव कुणाचं घेतलं नाही, तक्रारही केली नाही. ड्रायव्हरवर जरा नजर ठेवा आणि मी सांगेपर्यंत गाडी पुढं सोडू नका, एवढंच बोलला. अंकिता त्याच्याकडं बघत होती. तिनं काही विचारायच्या आत तो मोटारसायकलची किल्ली घेऊन खाली उतरला. संशय घ्यायचाच तर मुळापासून घ्यावा, म्हणून त्यानं वळसंगचा रस्ता धरला.

सिद्धाप्पाची बायको गोजाबाई अंगणात दाणे पाखडत होती. बिभीषण अण्णांना अवचित दारात बघून ती गडबडीनं उठली, पदर सावरला, बाज टाकली. बिभीषणनं मेंढरांची चौकशी केली, पाण्यापावसाची केली. मेंढरं दीर घेऊन गेलाय, माळावर, ती म्हणाली. मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, पूनम दिसत नाही? सिद्धाप्पाची एकुलती एक लेक ती, आल्यागेल्याला आधी तीच पाणी द्यायची.

"मामाकडं गेलीया. अक्कलकोटला," गोजाबाई सुपाकडं बघत म्हणाली.

"कधी?"

"झालं की चार-पाच दिस."

गाडी निघाल्यालाही पाचच दिवस झाले होते. बिभीषणच्या मनात पाल चुकचुकली. पोरीला हलवलंय, घरात काहीतरी शिजतंय. जाताना सिद्धाप्पा काही बोलला का, कुणी परकं माणूस भेटायला आलं होतं का, असं त्यानं वळसे घेत विचारलं. गोजाबाईनं एकदा त्याच्याकडं नीट पाहिलं आणि पाणी आणते म्हणून आत गेली.

तो उठून अंगणात फिरू लागला. बाजूला मेंढ्या कोंडायची वाघर लावलेली होती, सुती दोराची जाळी, चहूबाजूंनी मेखांना बांधलेली. आतून रिकामी. त्याचा हात उगाचच एका मेखेवर टेकला आणि तो तसाच खाली वाकला. तीन वेढे. टोक दुमडून आत खोचलेलं. त्यानं पुढची मेख पाहिली, त्याच्या पुढची पाहिली. सगळीकडं तीच गाठ. त्यानं टोक धरून हलकंच ओढलं, तर अख्खी गाठ एका ओढीत सुटली आणि जाळीची एक बाजू जमिनीवर आली.

ही गाठ त्यानं पाहिली होती! पहिल्याच वर्षी, नळदुर्गजवळ वळवाच्या पावसात गाडी अडकली होती, आणि शेजारच्या रानात सिद्धाप्पाच्या मेंढरांचा तळ होता. ताडपत्री वाऱ्यानं फाटायला आली तेव्हा गोजाबाईच धावत आली होती आणि तिनं ओल्या दोराला पटापट गाठी मारल्या होत्या. वाघर रोज सोडायची, रोज बांधायची, म्हणून बायकांच्या हातची गाठ अशी, ती म्हणाली होती. वहिनी, तुम्हालाच ड्रायव्हर करायला पाहिजे, असं बिभीषण त्या पावसात हसत म्हणाला होता. विसरला कसा तो? बावीस वर्षं सिद्धाप्पाची गाठ तेवढी लक्षात ठेवली आणि ही साफ विसरला.

गोजाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. आधी तिला सुटलेली गाठ दिसली, मग त्याचं तोंड.

"वहिनी," तो म्हणाला, "पूनम गाडीवर आहे ना?"

ती ओट्यावर बसली. तांब्या तिच्या हातातच राहिला. मग एकेक करत सगळं बाहेर आलं. दिवाळीच्या पाडव्याला सिद्धाप्पाच्या उजव्या हातातला जोर गेला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी औषधं दिली होती, येईल हळूहळू म्हणाले होते. पूनमनं मोठ्या गाडीचं लायसन मागच्या वर्षीच काढलेलं, बापाशेजारी बसून ती शिकली होती. थरथरता हात ऑफिसात दिसू नये म्हणून त्यानं सहीही घरी बसून पोरीच्या मदतीनं केली होती. स्टेअरिंग पोरीकडं, पण कागदावर नाव त्याचं, म्हणून त्याला बरोबर जावंच लागलं.

"म्या म्हनलं, अण्णास्नी सांगा," गोजाबाई म्हणाली. "तर म्हनले, न्हाय. अण्णांनी माझ्या नावावर गाडी मागून घेतलीया. आता नाव बदलाय गेलं तर ही खेप दुसऱ्याला जाईल. एवडी एक खेप करतो, मग सांगतो."

बिभीषणला तिच्याकडं बघवेना. एवढ्यात खिशातला फोन वाजला. एजंट होता. तुम्ही म्हणालात म्हणून लक्ष ठेवलं ते बरं झालं, तो हिंदीत भराभर सांगू लागला. साहेबांनी ड्रायव्हरकडून समोर सही करून घेतली, तर ती कागदावरच्या सहीशी जुळेना, हात थरथरतोय. बरोबर एक मुलगी आहे, गाडी मीच चालवली म्हणते. दोघांनाही ऑफिसात बसवून ठेवलंय. सील न तोडता ताडपत्रीच्या घड्या चाचपून बघितल्या, भलतं काही मिळालं नाही. आता साहेब एकच विचारतात, मालकाला हे माहीत होतं का? नसेल तर तसं दोन ओळींत लिहून पाठवा, ड्रायव्हरवर कारवाई होईल, तुमच्या कंपनीला काही होणार नाही. माहीत असेल तर मात्र शेरा तुमच्या नावावर पडेल आणि यादीत राहाल की नाही, ते वरचे ठरवतील.

गोजाबाईला हिंदी सगळं कळत नव्हतं. पण ती त्याच्या ओठांकडं बघत उभी राहिली होती. पदराचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं.

बिभीषण म्हणाला, माहीत होतं. मुलीचं नाव कागदावर घालायचं माझ्याकडून राहिलं. लायसन तिच्याजवळ असेल, ते बघा, पत्र मी पाठवतो. मग सकाळी नजर ठेवा कशासाठी सांगितलंत, असं एजंटनं विचारलं. बिभीषणनं फोन ठेवला. अंकिताला फोन करून त्यानं पत्राचा मजकूर सांगितला, सहीसाठी मी येतोच म्हणाला, पण उठला मात्र नाही. आधी सिद्धाप्पाचा आवाज ऐकल्याशिवाय त्याचा पाय निघणार नव्हता.

गोजाबाईनं चहा टाकला. चहा निवला, वर साय धरली, तेव्हा कुठं सिद्धाप्पाचा फोन आला. गोजाबाईलाही ऐकू यावं म्हणून बिभीषणनं आवाज मोठा केला आणि मोबाइल बाजेवर ठेवला.

"अण्णा, सुटलो बगा. उद्या सकाळच्या रांगंत सोडत्यात," सिद्धाप्पा म्हणाला. आवाज थकलेला होता, पण त्यात सुटकेचा सुस्कारा होता. "गोरखपूरच्या फुडं हात लई दुखला, दवाखान्यात बसावं लागलं. तुमाला खोटं बोललो. माफी करा."

"असू दे. हात कसा आहे?"

"हाय तसाच. अण्णा, तुमी गाठ वळखली न्हवं? म्या पोरीला मुद्दाम जवळनं फोटू काढाय लावला. फोनवर सांगाय जीभच रेटंना. म्हनलं, अण्णा गाठ बगतील आन समजून घेतील."

बिभीषणनं मेखेजवळ सुटून पडलेल्या दोराकडं पाहिलं.

"ओळखली," तो म्हणाला.

"तरीच. साहेबानं सांगितलं, मालकाला आदीच ठावं हाय म्हनून. पोरगी रडायलीच की ऐकून. एक मातूर हाय, अण्णा. आमच्या वाईटावर कोनतरी हाय. आमाला हापिसात बोलवायच्या आदीच हितं फोन आल्याला, ड्रायव्हरवर नजर ठिवा म्हून. सोलापुरातनंच आल्याला म्हनं. तुमी जरा तपास करा."

"करतो," बिभीषण म्हणाला.

फोन बंद झाला. गोजाबाईनं बाजेवरचा मोबाइल उचलून त्याच्या हातात दिला. आल्यापासून अंगणात त्यानं काय काय विचारलं, ते बहुधा तिला एकेक करून आठवत होतं.

"कोन असंल ओ, अण्णा?" तिनं विचारलं.

उत्तराची वाट न बघता ती वाघरीकडं गेली आणि त्यानं सोडलेला दोर उचलून वाकली. तिनं मेखेला तीन वेढे दिले आणि टोक दुमडून आत खोचलं.