सतरा नंबरची गाडी

फाएन्झाजवळच्या फाब्रेत्तींच्या कारखान्यात प्रत्येक मोटरसायकलच्या चौकटीवर हातोडीने नंबर ठोकायचा तो दुइलिओ मेंगोत्सी. काम एवढंच, पण तोरा असा की जणू गाडीचं बारसं तोच करतोय.

त्या वर्षी कारखान्याने शर्यतीची गाडी काढली होती. तिला मैदानात उतरवायचं तर आधी दिवे-आरसे लावून, कुणालाही दुकानातून विकत घेता येतील अशा दोनशे गाड्या बनवून दाखवा, असा शर्यत मंडळाचा नियम. दुइलिओने एकपासून सोळापर्यंत नंबर ठोकले आणि पुढे अठरा ठोकला. त्यात त्याला विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. सतरा हा आकडा आमच्या इटलीत अवलक्षणी. हॉटेलवाला त्या नंबरची खोली ठेवत नाही आणि शहाणी पोरगी त्या तारखेला लग्नाला उभी राहत नाही. कारखान्यात वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं अडलं नव्हतं, कारण मोजायला कधी कुणी आलं नव्हतं.

या वेळी आला. केसल्स नावाचा बेल्जियन परीक्षक, काटकुळा आणि अतिशय सभ्य. अंगणात रांगेने मांडलेल्या गाड्या त्याने बोट दाखवत मोजल्या आणि म्हणाला, एक कमी आहे. मालक फाब्रेत्ती, ज्यांना सगळे इंजिनिअरसाहेब म्हणत, त्यांनी हसत शेवटच्या गाडीवरचा दोनशे नंबर दाखवला.

"मी आकडे नाही, गाड्या मोजतो," केसल्स म्हणाला. जेवणानंतर पुन्हा मोजेन, तेव्हाही कमी भरली तर अर्ज पुढच्या वर्षी करा, असंही त्याने सांगितलं.

इंजिनिअरसाहेबांनी दुइलिओला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. अडाणी, गावंढळ, अंधश्रद्धाळू, काय काय म्हणाले. नजर लागू नये म्हणून त्यांच्या स्वतःच्या किल्ल्यांना लाल शिंग लटकत होतं, पण त्या दिवशी अंधश्रद्धाळू एकटा दुइलिओच ठरला. नवी गाडी जोडायला इंजिनाचे सुटे भागच शिल्लक नव्हते.

"एक आहे की," रंगखात्याचा ओरेस्ते हळूच म्हणाला. "मेंगोत्सीच्या घरी."

सगळ्यांनाच ते मघापासून ठाऊक होतं. बोलायची लाज आधी कोण सोडतो, एवढंच बघायचं होतं.

दुइलिओचा मुलगा मिर्को कारखान्याचा चाचणी चालक. आदल्या वर्षी याच गाडीच्या पहिल्या नमुन्याचं पुढचं चाक जाम झालं आणि मिर्कोचं कंबरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. गाडी मात्र दुरुस्त झाली. इंजिनिअरसाहेबांनी ती नव्याने रंगवून, पाद्रीबुवांच्या देखत त्याला दिली आणि म्हणाले, ही जन्मभर तुझी. तेव्हापासून ती त्याच्या पलंग आणि खिडकीच्या मधे उभी होती. चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल तेवढी मिर्को रोज पुसायचा आणि उरलेली संध्याकाळी बाप पुसायचा.

दुइलिओ टेम्पो घेऊन घरी गेला तेव्हा मिर्को पियादिनाची पोळी खात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"नेमकी हीच, बाबा?"

"फक्त मोजायला. संध्याकाळी आणून ठेवतो."

"आईची शपथ?"

"तुझ्या आईची शपथ."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मिर्कोने गाडीवरून शेवटचं फडकं फिरवलं आणि डावा आरसा सैल आहे, जपून न्या, एवढंच सांगितलं.

कारखान्यात दुइलिओने सतरा ठोकला. एकही आकडा कधी न हुकलेल्या त्या हाताकडून सात तिरका पडला. केसल्स कॉफी पिऊन आला, त्याने पुन्हा मोजलं, दोनशे भरल्या. पण सतराशी येऊन तो थांबला. तिरक्या साताकडे पाहिलं, वाकून रंगाकडे पाहिलं.

"ही नवी आहे?"

"नंबर यानेच ठोकलाय, यालाच विचारा," इंजिनिअरसाहेब म्हणाले आणि दुइलिओच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

"हिच्यावर आधी कुणी बसलं आहे का?"

अख्खा कारखाना दुइलिओच्या तोंडाकडे बघत होता. त्यातल्या निम्म्यांनी मिर्कोला इस्पितळात संत्री नेऊन दिली होती.

"कुणीच नाही," दुइलिओ म्हणाला.

"कधीच?"

"कधीच."

केसल्सने सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाईनच्या बाटल्या उघडल्या, कुणीतरी दुइलिओच्या पाठीत धपाटाही घातला. संध्याकाळी तो टेम्पो घेऊन गाडी न्यायला आला, तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला अडवलं. इंजिनिअरसाहेब स्वतः खाली आले.

"अरे, मोजलेली गाडी विकावीच लागते, नियम आहे. एका स्विस दंतवैद्याने घेतली. त्यांना सतराचं काही नसतं, नशीब आपलं." मग ते म्हणाले, "मिर्कोला हॅमची एक अख्खी तंगडी पाठवतो. पार्माची."

पाठीमागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दुइलिओने मान वळवली नाही. त्याला इतकी लाज वाटली की रागावायला जागाच उरली नाही.

घरी मिर्को दारातच खुर्ची लावून बसला होता, मांडीवर फडकं. टेम्पो रिकामा आहे हे त्याने पाहिलं. 

"परीक्षकाने काय विचारलं?"

"हिच्यावर कुणी बसलं होतं का, असं."

"मग?"

दुइलिओला आणखी एकदा खोटं बोलता आलं असतं. पण दिवसाला एकाहून जास्त खोट्याची त्याची ऐपत नव्हती.

"कुणीच नाही म्हणालो. कधीच नाही."

मिर्कोने फडक्याची नीट घडी घातली. "म्हणजे मी जन्मतःच असा," तो म्हणाला. "बरं झालं, बाबा. आता कुणी विचारलं तर दोघं एकच सांगू."

दुसऱ्या दिवशी हॅमची तंगडी आली, चांगली मोठी होती. मिर्कोने ती पलंग आणि खिडकीच्या मधे बापाच्या हातूनच टांगून घेतली.