नऊ नंबरची तहान

इबोयाने नऊ नंबरला तराजूवरच्या डब्यात सोडलं, आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि वहीत त्यापेक्षा अकरा ग्रॅम कमी लिहिले. मग उंदराला उचलून एप्रनशी धरलं. त्याच्या डोक्यावर सिमेंटची चिमुकली टोपी होती आणि तिच्यातून केसाहून बारीक तारा मेंदूत उतरल्या होत्या. टोपीला धक्का न लावता उंदीर कसा धरायचा, हे सेगेद शहरातल्या त्या मेंदू-संशोधन संस्थेत तिच्याइतकं कुणालाच जमत नसे. सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती आणि त्याचा तिला थोडा तोराही होता. वहीत खोटं लिहिणं मात्र अलीकडचं, मे महिन्यापासूनचं.

पूर्वीच्या साहेबांच्या काळात उंदीर खाऊसाठी काम करायचे. आता प्रबंधासाठी काम करणाऱ्या एमोकेच्या प्रयोगात ते पाण्यासाठी करायचे. रात्रभर त्यांना तहानलेलं ठेवायचं, सकाळी काचेच्या पेटीत सोडायचं. दिवा लागला की पुढच्या पंजाने दांडी दाबायची, मग नळीतून पाण्याचा थेंब यायचा. दाबणारे पोटभर पिऊन परतत. न दाबणाऱ्यांना दुपारी मोजून घोटभर मिळे, जगण्यापुरतं. हुशारांचे लाड आणि मठ्ठांना शिक्षा, हे इबोयाला शाळेत असल्यापासून पटलं नव्हतं. संध्याकाळी सगळे गेले की ती मठ्ठांच्या पिंजऱ्यात काकडीची चकती सरकवू लागली. जुलै लागला तशी कलिंगडाची फोड. वजन उतरत नाही हे कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून वहीतले आकडे ती खाली ओढायची. तिचा नवरा विल्मोश याला एवढंच कळत होतं की घरी आणलेल्या कलिंगडाचा मधला गर रोज नाहीसा होतो. इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी मधली फोड मिळाली नाही आणि आता कुणाला मिळतेय, असं तो चिडवायचा. ती हसून वेळ मारून न्यायची.

मे महिन्यात चार नंबर मठ्ठ निघाला होता, जूनमध्ये सहा नंबर. नियमाप्रमाणे ठरलेले आठवडे वाट पाहून दोघांना झोपवलं गेलं. झोपवणं हा तिथला शब्द. त्यांच्या मेंदूचे पातळ काप काचपट्ट्यांवर चिकटवून एमोकेच्या कपाटात ठेवले होते. दोन्ही वेळा इंजेक्शन देताना उंदीर धरला होता इबोयानेच आणि दोन्ही दिवशी तिला घरी घास गिळवला नव्हता. म्हणून तर नऊ नंबरला फोड जरा मोठी मिळत होती.

बुधवारी सकाळी एमोकेने तिला पडद्यासमोर बोलावलं. ही मुलगी मनाने चांगली. तीन वर्षं याच एका कामात बुडालेली, जेवणाचं भान नाही, म्हणून इबोया तिच्यासाठीही घरून काहीबाही आणायची. पडद्यावर नऊ नंबरच्या मेंदूतल्या लाटा सरकत होत्या.

"हे बघा मावशी. उंदीर गप्प बसलेला असतो तेव्हा ही लय चालू असते, सेकंदाला वीस लाटा. पंजा उचलायचा झाला की आधी लय मोडते, मग पंजा हलतो. सगळ्यांची मोडते. याची मोडतच नाही."

"मनात नसेल त्याच्या," इबोया म्हणाली.

"तहानेने जीव चाललाय आणि मनात नसेल? वजन बघा की किती उतरलंय. चार आणि सहाचंही हेच होतं. पाणी समोर, घसा कोरडा, आणि पंजा उठत नाही."

कंपवाताच्या माणसांचं पाऊल दारातच थिजतं, त्यांच्याही मेंदूत ही लय अशीच अडून बसते, असं तिने समजावून सांगितलं. तिचा सगळा प्रबंध त्यावरच उभा होता. एकच गोष्ट तिला छळत होती. चार आणि सहाचे काप तिने तीनतीनदा तपासले, पण इजा कुठेच दिसत नव्हती. नऊचे काप हातात आले तर कदाचित उलगडा होईल. दांडी दाबायला त्याला शुक्रवारपर्यंत मुदत होती, नाहीतर त्यालाही झोपवायचं.

इबोयाला काकडी आणि कलिंगड आठवलं. घसा ओला असलेला उंदीर थेंबभर पाण्यासाठी उठेल कशाला? फोड संध्याकाळची, काम सकाळचं, एवढंसं फळ कुठे पुरतंय तोवर, असं ती धरून चालली होती. सव्वीस वर्षांचा तोरा आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. तिने सांगायला तोंड उघडलं, पण चार आणि सहा आठवले आणि ती तराजू पुसायला लागली. आधी हा वाचू दे, मग बघू, असं तिने स्वतःला बजावलं. हा वाचला तर सांगावंही लागणार नाही, हेही मनात आलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

त्या संध्याकाळी तिने फोड दिली नाही. नऊ नंबर गजांना पंजे लावून उभा राहिला. ती दुसरीकडे बघत दिवे घालवून निघून गेली. गुरुवारी त्याने दांडी दाबली नाही. गुरुवारी संध्याकाळीही तिने काही दिलं नाही.

शुक्रवारी तिने त्याला पेटीत सोडलं. टोपीपासून यंत्राकडे जाणारी तार गुंतू नये म्हणून ती वर धरून पेटीपाशी उभं राहायचं, हे काम नेहमी तिचंच. बाहेर ढकलगाडीवर इंजेक्शनचा ट्रे तिनेच मांडून ठेवला होता. दिवा लागला. नऊ नंबरने दांडीकडे पाहिलंही नाही. तो सरळ तिच्या बाजूच्या काचेपाशी आला, दोन पायांवर उभा राहिला आणि तिच्या एप्रनच्या खिशासमोर नाक हलवू लागला. फोडीचा डबा रोज त्याच खिशातून निघायचा. मग तो तिथेच बसला. पडद्यावरच्या वीस लाटा एकसारख्या चालू राहिल्या.

"बघितलंत?" एमोके हळूच म्हणाली.

इबोयाने बघितलं होतं. तो कुठे अडला नव्हता. तो वाट बघत होता. पाणी दांडीतून येत नाही, हिच्या हातून येतं, हे त्याला पक्कं माहीत झालं होतं.

"पोरी, ही तार तू धर. मी बाहेर थांबते."

"आत्ता? का?"

"धर म्हणते ना."

बाहेर येऊन तिने दार लावून घेतलं. ट्रेकडे पाठ करून ती भिंतीला टेकली. बराच वेळ काही झालं नाही. मग आतून पाण्याच्या झडपेचा आवाज आला, टक. थोड्या वेळाने पुन्हा. मग एकामागून एक. दोन दिवस तिने याच आवाजासाठी देवाची विनवणी केली होती. ती बाकावर बसली. हा धडधाकट होता. म्हणजे ते दोघेही धडधाकट होते.

दार उघडून एमोके बाहेर आली. तिचे डोळे भरून आले होते.

"लय मोडली, मावशी. प्रत्येक वेळी, पंजा उचलायच्या आधी. हा ठणठणीत आहे. म्हणजे आजारी होते ते चार आणि सहाच."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. इबोयाने खिशातून डबा काढला. तळाशी कलिंगडाच्या दोन काळ्या बिया वाळून चिकटल्या होत्या. तो तिने एमोकेच्या हातात दिला.

"त्या दोघांना मी काकडी देत होते. याला कलिंगड. वजनं मी कमी लिहिली."

एमोके झाकण उघडून बघत राहिली.

"रोज?"

"रोज."

एमोके आत गेली, कपाटातून काचपट्ट्यांच्या दोन पेट्या काढल्या आणि मांडीवर घेऊन सूक्ष्मदर्शकापाशी बसली. पट्टी एकही लावली नाही.

"म्हणून इजा सापडत नव्हती," ती म्हणाली. मग मागे न बघता म्हणाली, "आत या. तार गुंतेल त्याची."

इबोया आत गेली. तिला पाहताच नऊ नंबरने दांडी सोडली आणि काचेपाशी येऊन तो दोन पायांवर उभा राहिला.