चुकीच्या मजल्यावरची मुलाखत

"आता घड्याळाबद्दल सांगा," ताई म्हणाल्या.

खुर्चीतल्या काकांनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाच मिनिटं पुढं आहे," ते म्हणाले. "ही मुद्दाम पुढं ठेवते. मला सगळीकडे उशीर होतो ना, म्हणून."

"ते नाही हो. चौकातलं, मनोऱ्यावरचं. चाळीस वर्षं तुम्ही ज्याला चावी दिलीत ते."

"मी?" काका म्हणाले. "मी कशाला देतोय चावी? ते वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले. मी लिफ्टवाला."

कॅमेरा चालू होता. माझ्या कानांवर हेडफोन असल्यामुळे त्यानंतरची शांतता मी इतरांपेक्षा जरा जास्तच स्वच्छ ऐकली. कॅमेरामनने डोळा न हलवता एकच शब्द उच्चारला, आणि तो असा होता की कुठल्याही माहितीपटात ठेवता आला नसता.

मी ध्वनिमुद्रक. ताई टीव्हीसाठी माहितीपट काढायच्या आणि एकोणीस वर्षं मी त्यांच्यामागे माइकची काठी घेऊन हिंडत होतो. त्यांनी एकूण एकतीस वर्षांत दीडशेच्या वर माहितीपट केले. पूल रंगवणारे, दीपगृहात एकटे राहणारे, सर्कशीतल्या जोकरांचे बूट शिवणारे. ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही अशी माणसं ताई कुठून शोधून काढायच्या देव जाणे. बक्षीस एकदाच मिळालं. ते जड आहे, त्यामुळे घरी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून उपयोगी पडतं.

ताईंचा एक नियम होता. माणसाशी आधी बोलायचं नाही. पहिले दोन दिवस फक्त घर, हात, चहा करणं, चपला घालणं. कामाचा विषय तिसऱ्या दिवशी, आणि तोही कॅमेऱ्यासमोर, पहिल्यांदाच. "एकदा सांगून टाकलं की दुसऱ्यांदा सांगताना माणूस शिळा होतो," असं त्या म्हणायच्या. नियम चांगलाच होता. तीस वर्षं त्याने कधी दगा दिला नव्हता.

घरीही हेच चालायचं. यजमान ऑफिसातून येऊन काही सांगू लागले की ताई म्हणायच्या, "थांबा, परत बाहेर जाऊन आत या, माझं लक्ष नव्हतं." तो भला माणूस पिशवीसकट पुन्हा बाहेर जायचा. मुलीने मात्र एकदा सुनावलं होतं. "आई, तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी एक कॅमेरामन बोलवावा लागतो गं." ताई ते आम्हाला हसत हसत सांगायच्या. सांगून झालं की उगाच कागद चाळत बसायच्या.

तर हा त्यांचा शेवटचा माहितीपट. शुक्रवारी निवृत्ती, आणि मनोऱ्याच्या घड्याळाला शंभर वर्षं होणार म्हणून पुढच्या रविवारी प्रक्षेपण. घड्याळवाल्यांशी फोनवर बोलून वेळ ठरवणारी मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. तिने कागदावर लिहून ठेवलं होतं 'तिसरा मजला'. आम्ही तळमजल्याला पहिला धरून मोजलं, तिने धरला नव्हता. दारं रंगवायला काढल्यामुळे नावाच्या पाट्या उतरवलेल्या. आम्ही बेल दाबली.

"तुमच्या कामावर माहितीपट करायचाय," ताई दारातच म्हणाल्या.

"माझ्या?" काकांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना कोणीतरी अचानक मिठी मारली.

"आता एक शब्दही बोलू नका!" ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. "सगळं तिसऱ्या दिवशी."

काका मूग गिळून बसले. आम्ही दोन दिवस त्यांचं दाढी करणं घेतलं, काकूंचा चहा चार बाजूंनी घेतला. काकूंनी रातोरात पडदे बदलल्यामुळे पहिल्या दिवसाची खोली आणि दुसऱ्या दिवसाची खोली जुळेनात, मग जुने पडदे पुन्हा लावायला सांगितले. काकांनी पेटीतून हत्यारं काढून एकेक पुसली, तेव्हा कॅमेरामन हळूच म्हणाला, "ताई, एवढा मोठा पाना घड्याळाला?"

"मनोऱ्यावरचं घड्याळ आहे," ताई म्हणाल्या. "मनगटावरचं नाही."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तिसऱ्या दिवशी कळलं की आमचा कळसा डोक्यावर होता. ताई धावत वर गेल्या, मीही मागोमाग गेलो. घड्याळवाले कोट घालून दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"तीन दिवस बसलोय मी असा," ते म्हणाले. "काल तर कोटातच झोपलो."

ताईंनी जिन्यातूनच चॅनलच्या साहेबांना फोन लावला. लिफ्टवाल्यांचंच करू या, असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "लिफ्टला शंभर वर्षं झालीत का? नाही ना? मग घड्याळ पाहिजे, आणि आज संध्याकाळपर्यंत पाहिजे." कॅमेऱ्याची जवळची सगळी मेमरी कार्डं भरलेली होती. म्हणजे काकांचे दोन दिवस पुसून त्यांच्यावरच घड्याळवाल्यांना घ्यायचं होतं.

कॅमेरामन सामान वर न्यायला लागला. खाली काकू आपल्या बहिणीला फोनवर सांगत होत्या, "अगं आज मेन मुलाखत आहे, नंतर बोलते."

"ताई, मी सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"नको. चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "तुम्ही वर सुरू करा. मी सांगून येते." मी त्यांना राजीनामे देताना, मंत्र्यांना झापताना, एका मगरीपासून चार हात अंतरावर उभं राहताना पाहिलंय. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना जिना उतरताना मध्येच थांबलेलं पाहिलं.

त्या घाईत माझ्याकडून ती चूक झाली, जी नवशिक्यालासुद्धा शोभत नाही. काकांच्या कॉलरवरचा बिनतारी माइक काढायचाच राहिला.

वर गेल्यावर घड्याळवाल्यांना दुसरा माइक लावला, हेडफोन चढवला, आणि एका कानात घड्याळवाले आणि दुसऱ्या कानात खालची बैठकीची खोली. मी ताबडतोब खालचा आवाज बंद करायला हवा होता, हे मला कबूल आहे.

"काका, आम्ही तुमच्याकडे चुकून आलो," ताई म्हणत होत्या.

"आलं लक्षात."

"हे टीव्हीवर लागणार नाही."

"काहीच नाही?" हा काकूंचा आवाज. "चहाचंसुद्धा नाही?"

"नाही काकू. सगळं पुसावं लागणार आहे."

"अगंबाई. आता बहिणीला काय सांगू मी?"

"सांग, लिफ्ट मध्येच बंद पडली," काका म्हणाले.

कोणी हसलं नाही. वरच्या कानात घड्याळवाले म्हणत होते, "काळ हा कोणासाठीही थांबत नसतो." हे त्यांचं तिसऱ्यांदा होतं, कारण पहिल्या दोन वेळी ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले होते.

"तुम्ही पहिल्या दिवशीच बोलायला हवं होतं हो," ताई म्हणाल्या. "माझ्यावर ओरडायला हवं होतं."

"विचारलं की दारात. तुम्ही बोट ठेवलंत ओठांवर." काका म्हणाले. "आणि खरं सांगू का बाई? मला वाटलं, असेल. बेचाळीस वर्षं माणसं वरखाली केली. कोणाला तरी वाटलं असेल, विचारावं याला. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं मी. कुठून सुरू करायचं, कुठं थांबायचं."

आता ताई उठतील, माफी मागतील आणि वर येतील असं मला वाटलं. त्याऐवजी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"करा सुरू," ताई म्हणाल्या.

"कॅमेरा वर गेला तुमचा."

"जाऊ दे. मला सांगा."

काका घसा खाकरले. पहिली दोन वाक्यं पाठ केल्यासारखी आली, मग हळूहळू गाडी रुळावर आली. "हे बघा, लिफ्टमध्ये माणूस अडकला ना, की हत्याराला हात लावायचा नाही. आधी दाराला तोंड लावून बोलायचं. बाहेर कोणीतरी आहे हे त्याला कळलं पाहिजे. पाना नंतर. माझ्या हाताखालची पोरं आधी पाना घ्यायची आणि आतला माणूस घाबरून अर्धा व्हायचा."

"मग?" ताई म्हणाल्या.

"एक मोठे साहेब होते. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये दोन तास. रडले हो, लहान पोरासारखे. मी बाहेरून विचारत राहिलो, मुलं किती, कोण कितवीला, धाकटी काय खाते. दार उघडलं तर टाय नीट करून तडक निघून गेले. बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे. त्यानंतर ते रोज सात मजले जिन्यानं चढायचे."

"लिफ्टला घाबरून?"

"छे. मी समोर येईन म्हणून. मलाच वाईट वाटायचं, त्यांना दम लागायचा. शेवटी मीच साहेबांच्या वेळेला मागच्या दाराने जायला लागलो."

"हे मला कधी सांगितलं नाहीत," काकू म्हणाल्या.

"तू कधी अडकलीच नाहीस."

आता मात्र तिघंही हसले. ताईंचं हसणं मी एकोणीस वर्षांत हजार वेळा ऐकलंय, पण ते नेहमी चित्रीकरण थांबल्यावरचं. त्या दिवशी त्या मध्येच हसत होत्या, "अय्या, मग हो?" म्हणत होत्या, काकूंना विचारत होत्या, स्वतःचंही काहीतरी सांगत होत्या. मुलीचं. ते मी इथे लिहिणार नाही. 'पुन्हा एकदा घेऊ' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

दोन तास त्या वर आल्या नाहीत. कॅमेरामनने दोनदा खुणेने विचारलं, आणि मी दोनदा खोटंच सांगितलं, की येताहेत. खालच्या माइकचं रेकॉर्डिंग चालू नव्हतं. एक बटण दाबलं असतं तर झालं असतं, माझ्या रेकॉर्डरच्या कार्डावर तेवढ्या आवाजापुरती जागा होती. माझं बोट तिथपर्यंत गेलंही. मग मला वाटलं, इतक्या वर्षांत ही बाई पहिल्यांदा काही न घेता नुसती ऐकत बसलीय. मी बोट मागे घेतलं.

घड्याळवाले आता मोठ्या काट्याच्या लांबीवर आले होते, अगदी इंचांत. त्यांच्या रेकॉर्डिंगला धक्का लागणार नाही असं बघून, माझ्या कानापुरता मी त्यांचा आवाज हळूच कमी केला.